भागधारकांची सभा झाली, हितधारकांचे काय?

बेळगाव-निपाणी पट्ट्यात ‘भागधारक’ म्हटले की साखर कारखान्याचा शेअर घेतलेला सभासद डोळ्यांपुढे येतो. शाश्वततेच्या अहवालात मात्र ज्यांचे ऐकायचे असते ते ‘हितधारक’, म्हणजे शेअर असो वा नसो, धंद्याची झळ ज्यांना बसते ते सगळे. या दोन शब्दांची गल्लत झाली की वार्षिक सभा उरकून लोकांचे ऐकल्याचे समाधान मानले जाते.

सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांना शाश्वतता अहवाल सक्तीचा केला आहे. हितधारक कोण, त्यांत दुर्बल कोण, त्यांच्याशी किती वेळा आणि कशासाठी बोललात, हे त्यात लिहावे लागते. सहकारी कारखाने बाजारात नोंदलेले नाहीत, त्यामुळे त्यांना हे बंधन नाही. तिथे उरते ती २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेतली जनसुनावणी, तीही नवा प्रकल्प किंवा मोठा विस्तार असेल तरच. नोटीस किमान ३० दिवस आधी द्यावी लागते, पण गणसंख्येची अट नाही. दहाच माणसे आली तरी कागदोपत्री सुनावणी पूर्ण!

आता येते कोण? ऊसतोड मजूर हंगाम संपताच गावी परततात. जूनमध्ये बैठक ठेवली तर त्यांच्या पाण्याचा, मुलांच्या शाळेचा प्रश्न मांडणार कोण? वेदगंगा-दूधगंगा महाराष्ट्रातून कर्नाटकात येतात. नदी सीमा मानत नाही, सुनावणी मात्र जिल्हानिहाय होते. प्रकल्पाचा सारांश इंग्रजीत आणि राज्याच्या अथवा स्थानिक भाषेत द्यायचा असतो. इथे तो कन्नडमध्ये दिला की नियम पाळला गेला, पण मराठी शेतकऱ्याच्या हाती काय पडले?

न ऐकण्याची किंमत निपाणीला माहीत आहे. तंबाखूच्या दरासाठी १९८१ मध्ये शेतकरी महामार्गावर बसले आणि गोळीबारात बळी गेले. याच निपाणीतल्या तंबाखू कामगार बायकांवर ‘युगांतर’ गटाने १९८२ मध्ये माहितीपट केला. त्यात धूळ, मजुरी, मालकाची वागणूक हे सगळे बायकांनी स्वतः सांगितले. मालकासमोर, भरल्या हॉलमध्ये माईक पुढे केला असता तर हे बाहेर आले असते का?

म्हणूनच छोट्या गटचर्चा हव्यात. आठ-दहा जण, बायकांचा गट वेगळा, मुकादम-सुपरवायझर बाहेर, बोलणे मराठीत आणि कन्नडमध्येही. झालेली नोंद तिथेच वाचून दाखवावी, पण कोण काय बोलले ते नाव लिहू नये. तोडकऱ्यांची बैठक हंगाम सुरू असताना, फडाजवळच व्हावी. खर्च फार नाही. पण विस्ताराचा निर्णय झाल्यावर घेतलेली चर्चा म्हणजे नुसती सह्यांची वही.

तोवर लोकांच्या हातात एक मार्ग आहे. सुनावणीला जाता आले नाही तरी लेखी हरकत देता येते. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते, मराठीतही. फक्त ती नोटिशीच्या मुदतीत द्यावी आणि पोच घ्यायला विसरू नये.