लाटेवर उभी राहिले... पण किती वेळ?

मुलांनो, दिवाळीच्या सुट्टीत बाईंनी काय केलं असेल? वह्या तपासल्या? छे! बाई समुद्रात पडल्या. एकदा नाही, चांगल्या सतरा वेळा!

माझा भाचा कॉलेजात शिकतो. सुट्टी लागली की सॅक पाठीवर टाकून भटकायला निघतो. या वेळी म्हणाला, "मावशी, तूही चल." आमच्या संत तुकाराम नगरमधून सॅक घेऊन निघाले, तर शेजारच्या काकूंनी विचारलं, "शिवनेरीला का?" म्हटलं, "नाही हो, लाटेवर बसायला!" काकू बघतच राहिल्या.

रात्रीच्या गाडीने सकाळी म्हापसा, तिथून छोट्या बसने हरमल. गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यातलं हे मच्छीमारांचं गाव. नकाशात 'आरंबोल' असंही दिसेल. किनाऱ्यावर एकीकडे होड्या, जाळी. दुसरीकडे जगभरातून आलेले सॅकवाले पाहुणे.

सर्फिंग म्हणजे फळीवर उभं राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे घसरत येणं. हा खेळ मूळचा हवाई बेटांकडचा. 2021 साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदा खेळला गेला.

शिकवणाऱ्या दादाने आधी विचारलं, "पोहता येतं?" मी महापालिकेच्या तलावात शिकलेय, म्हणून ऐटीत 'हो' म्हटलं. मग अर्धा तास वाळूतच कवायत! पोटावर झोपा, हातांनी वल्हवा, टुणकन उभे राहा. फळीची दोरी घोट्याला बांधली आणि मी निघाले पाण्याकडे. एका जागी लाटाच फुटत नव्हत्या. पाणी कसं शांत, गुळगुळीत! मला वाटलं, नवशिक्यांसाठी हीच जागा बरी.

"ताई, थांबा!" दादा ओरडला. "तिथे अजिबात नाही!"

मग त्याने आम्हाला दहा मिनिटं नुसतं पाणी बघायला बसवलं. लाटा फुटतात तेव्हा पुष्कळ पाणी किनाऱ्याकडे ढकललं जातं. ते परत जाणार कुठून? वाळूच्या दोन उंचवट्यांमध्ये खोलगट वाट असते, तिथून ते जोरात समुद्राकडे धावतं. याला रिप करंट म्हणतात. तिथे पाणी खोल, म्हणून लाट फुटत नाही आणि वरून सगळं शांत दिसतं. म्हणजे मी निवडलेली जागा सगळ्यांत धोक्याची होती! तलावात शिकलेलं पोहणं तिथे पुरलं नसतं.

"सापडलोच तर?" भाच्याने विचारलं. किनाऱ्याकडे सरळ पोहत सुटायचं नाही. ओढीशी झुंजून माणूस दमतो आणि दमला की बुडतो. आधी तरंगायचं, हात वर करून मदत मागायची आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहून ओढीबाहेर पडायचं. गोव्यात जीवरक्षक लाल-पिवळे झेंडे लावतात, त्यांच्या मधेच पोहायचं. नुसता लाल झेंडा दिसला, तर पाण्यात जायचं नाही.

1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेले पुण्याचे 14 विद्यार्थी बुडाले होते. आपल्याकडून दर सुट्टीत कितीतरी गाड्या कोकणात जातात. आईबाबांनो, गाडीतून उतरल्यावर मुलांना आधी पाणी बघायला बसवाल ना? आणि तिथले मच्छीमार 'नको' म्हणाले, तर नकोच.

मग सुरू झाली माझी पडापड! नाकात पाणी, कानात वाळू. भाचा तिसऱ्या खेपेलाच उभा राहिला. मी अठराव्या खेपेला उभी राहिले... दोन सेकंद! दादाने टाळ्या वाजवल्या, मी आनंदाने हात वर केले आणि पुन्हा धप्प! (ही पडापड सतरात धरलेली नाही, बरं का.)

दुपारी शॅकमध्ये मासळीचं ताट आणि सोलकढी. लांबलचक टेबलावर एक रशियन ताई, केरळचा एक दादा आणि आम्ही. "पिंपरी कुठे?" ताईने विचारलं. म्हटलं, "पेनिसिलीन माहीत आहे? ते बनवायला आमच्या गावात 1954 साली सरकारने कारखाना काढला." ती औषधांच्या दुकानात काम करायची! मग काय, तासभर गप्पा. माझं इंग्रजी अडखळत होतं, तिचंही. त्यामुळे कुणालाच लाज वाटली नाही.

संध्याकाळी सूर्य टेकला आणि वाळूवर ढोल-ताशांचं रिंगण जमलं. ताशे आपले नव्हेत, देशोदेशींची वाद्यं. भाच्याने मला पुढे ढकललं. मी टाळ्यांवर लेझमीचा ठेका धरला, केरळच्या दादाने तो लगेच उचलला आणि पंधरा-वीस माणसं शाळेच्या मैदानात नाचावीत तशी नाचू लागली.

रात्री अंथरुणावर पडले, तरी अंगाखालची लाट काही थांबेना.