आधी दवाखाना, मग मासे

निमो आणला की कॉमन रूममध्ये गर्दी होते. त्याच्या अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके आले, की सल्ले देणारे तेवढे उरतात. ‘टाकीत औषध ओत रे!’ गेल्या खेपेला आपण ओतलं आणि कोळंब्या घालवल्या.

या क्रिप्टोकॅरिऑन परजीवीवर तांब्याचं औषध चालतं, पण ते कोळंबी-प्रवाळांनाही मारतं. शिवाय खडक-वाळू तांबं शोषतात, मग पाण्यात डोस किती उरला? (प्रॅक्टिकलचं रीडिंग ढापता येतं, हे नाही.) म्हणून नव्या माशांची वर्गणी काढण्याआधी दुसरी टाकी घ्या. वाळू-खडक नको. हीटर, हवेचा पंप, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, तांबं मोजायचं किट आणि मोठ्या टाकीत महिनाभर ठेवलेला स्पंज. त्यावर अमोनिया पचवणारे जीवाणू असतात.

पेणचा पार्टनर म्हणतो, मिठागरातून गोणी आणतो. पण मिठागरात मीठ धरलं की मॅग्नेशियम बरंचसं मागच्या पाण्यात राहतं. रोहेकरांची कुंडलिका खारी होते ती पुढे रेवदंड्याच्या अंगाला. तेव्हा मत्स्यालयाचं तयार मीठच आणा, लिटरला साधारण ३५ ग्रॅम.

सगळे मासे दवाखान्यात, आणि मोठी टाकी निदान सहा आठवडे माशांविना; अडीच महिने ठेवली तर उत्तम. मासा मिळाला नाही की परजीवीची पिल्लं मरतात. गॅदरिंगला पाहुण्यांना रिकामी टाकी दिसेल. दिसू दे.