अर्थ लागला

दिवाळीच्या आधीचे चार दिवस आमच्या जठारपेठेत स्वस्थ बसलेला माणूस सापडायचा नाही. कोणी माळा उपसतो, कोणी आकाशकंदिलाच्या काड्यांशी झटापट करतो, आणि चकलीचा सोऱ्या तर एका घरातून निघाला की पाच घरे फिरून येतो. आम्हांला अशा वेळी घरात फारशी किंमत नसते. "तुम्ही जरा बाहेर बसा," असा हुकूम झाला, की आम्ही निमूटपणे शेजारच्या मिस्त्रींच्या अंगणात जाऊन बसतो. वाचकहो, यंदाचा हा मजकूर त्या अंगणातला आहे.

मिस्त्री म्हणजे पंचाहत्तरी गाठलेले गृहस्थ. सारा जन्म एका जिनिंग प्रेसमध्ये यंत्रांची दुखणी काढण्यात गेला. अकोल्याचा कापूस जितका पांढरा, तितके मिस्त्रींचे हात काळे, असे त्यांच्या घरच्या काकू कौतुकाने सांगतात. या गृहस्थाने १९८३ साली एक वेड केले. मद्रासेत १९६१ पासून 'स्टँडर्ड हेरल्ड' नावाची मोटार निघत असे. तिची एक मोडकी गाडी त्यांनी भंगाराच्या भावात घेतली, वरचे अंग उतरवले आणि खालच्या सांगाड्यावर फायबरचे दोन माणसांपुरते अंग चढवले. टप नाही, मागची बैठक नाही, पुढे लांबलचक नाक. पेठेतल्या पोरांनी तिला 'उघडी' हे नाव दिले, आणि तेच कायम झाले.

हेरल्डच निवडण्यात मिस्त्रींची अक्कल होती. बहुतेक मोटारींचे अंग आणि सांगाडा एकजीव असतात. अंग काढले की गाडी संपली. हेरल्डला मात्र खाली स्वतंत्र चौकट. म्हणून विलायतेतल्या हौशी लोकांनीही तिच्यावर नाना तऱ्हेची अंगे चढवून पाहिली. तिकडे तर असल्या गाड्या सुट्या भागांच्या रूपाने पेटीत भरून विकत मिळत. कॉलिन चॅपमन या इंजिनियरची १९५७ सालची 'लोटस सेव्हन' त्यांतली नामांकित. तयार गाडीवर सरकारी कर, सुट्या भागांवर नाही. मग शहाणे लोक भागच घेत आणि घरी जोडत. जोडणीच्या सूचना सोबत देता येत नसत, म्हणून कंपनी 'गाडी कशी सोडवावी' याच्या सूचना देई आणि गिऱ्हाइकाने त्या शेवटाकडून वाचाव्यात, अशी गोष्ट सांगतात. १९७३ साली तिकडची करपद्धत बदलली आणि ही गंमत ओसरली.

आपल्याकडे पेटी नाही, सूचना नाहीत. आहे ती फक्त हिंमत. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून चिमुकली जीप केली, ती २०२१ साली साऱ्या देशाने पाहिली. आनंद महिंद्रांनी ती संग्रहासाठी मागितली आणि बदल्यात नवी बोलेरो दिली. कायद्यात बसत नसली तरी तिच्यातल्या कल्पकतेचे त्यांना कौतुक वाटले. आज कोणी मिस्त्रींसारखे करू म्हणेल, तर १९८८ च्या मोटार कायद्याचे बावन्नावे कलम दारातच आडवे येईल. मिस्त्रींनी आपले कागद त्या काळी रीतसर करून घेतले, म्हणून 'उघडी' अजून राजरोस उभी आहे.

उभी आहे एवढेच. चालत नाही. दोन वर्षांपूर्वी मिस्त्रींच्या हातातला पाना निसटून बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पडला, भक्कन ठिणगी उडाली आणि त्यांचा अंगठा पोळला. हात अलीकडे थरथरतो, त्याचा हा प्रताप. पुण्याहून मुलगा आला आणि म्हणाला, "बाबा, आता गाडीला हात लावायचा नाही." बोलणे काळजीचे होते; पण काळजीचे बोलणेही कधी कधी पोळलेल्या अंगठ्यापेक्षा जास्त झोंबते. त्या दिवसापासून मिस्त्रींनी पाना हाती धरला नाही.

यंदा मुलगा दिवाळीला आला तो एक गिऱ्हाईक ठरवूनच. नागपूरचे कोणी हौशी गृहस्थ. गाडी पसंत, किंमत पसंत. नापसंत फक्त डॅशबोर्ड. मिस्त्रींचा डॅशबोर्ड म्हणजे ॲल्युमिनियमचा पत्रा आणि त्यावर काळे रेक्झिन. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या वर गेला आणि उन्हापायी जमावबंदीचा हुकूम काढावा लागला, हे आपल्याला आठवत असेल. जमाव घरात बसला. रेक्झिन कुठे जाणार? ते पापडासारखे फुटले. मुलाने पुण्यात मापे देऊन सागवानी प्लायवूडची सुरेख फळी कापून आणली होती. प्रत्येक भोक केसाच्या फरकाने बरोबर.

'डॅशबोर्ड' हा शब्द मोटारीच्या आधीचा आहे बरे का! घोडागाडीत बसणाऱ्याच्या अंगावर घोड्याच्या टापांनी चिखल उडू नये, म्हणून समोर जी फळी लावत तिचे हे नाव. घोडा गेला, चिखल गेला, फळी राहिली. तिच्यावर काटे आणि दिवे आले आणि चिखल अडवणारी फळी बातम्या देणारी झाली.

पहिला दिवस मुलाने जुनी पाटी उतरवण्यात घालवला. मिस्त्री ओट्यावर खुर्ची टाकून बसले. पाटी निघाली आणि मागून तारांचा जो गुंता बाहेर आला, तो पाहून आम्हांला सेवयांची आठवण झाली. मुलगा हुशार, प्रत्येक तारेचा मोबाईलवर फोटो काढत होता. बापाला त्याने एकदाही विचारले नाही, आणि बापानेही आपण होऊन सांगितले नाही. मधे आम्ही आणि काकूंचा चहा.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवी फळी बसली. काय सुंदर दिसत होती! सागाच्या रेषांवर ते गोल काचेचे काटे म्हणजे लग्नाच्या पंगतीतल्या वाट्याच. जोडून झाल्यावर एक बोटभर काळी तार मात्र उरली. यंत्र सोडून पुन्हा जोडले की काहीतरी उरतेच, असा आमचा घड्याळाचा अनुभव आहे. मुलाने ती डब्यात टाकली आणि किल्ली फिरवली.

एंजिन सुरू झाले. पेट्रोलचा काटा सावकाश चढत अर्ध्याच्या पार गेला. पाच मिनिटे होतात न होतात तोच उष्णतेचा काटा लाल रेघेला टेकला. मुलाने घाईने एंजिन बंद केले. दिवे लावून पाहिले, तर पुढचे झगझगीत, पण फळीवरचा एकही पेटेना. तिसऱ्या दिवशी त्याने रेडिएटर उपसला, पाणी बदलले, पट्टा तपासला, फळीवरचे दिवे बदलले. काटा पुन्हा लाल रेघेवर. नागपूरकर दुसऱ्या दिवशी येणार होते. मुलगा घामाघूम होऊन पायरीवर बसला. बराच वेळ गेला. मग त्याने मान वर न करता विचारले,

"बाबा, तुम्हांला काय वाटतं?"

काकूंच्या हातातली झाऱ्याची खडखड थांबलेली आम्ही ऐकली.

मिस्त्री म्हणाले, "एंजिनाले हात लावून पाह्यला का?"

"पाहिला. फार गरम नाही."

"टाकीत काडी घालून पाह्यली?"

काडी घातली. पेट्रोल पावाच्याही खाली होते.

"पोरा, दोन साक्षीदार एकाच बाजूनं खोटं बोलले, त त्यायले पढवणारा एकच रायते. तुह्या गाडीले तीन रोग नाहीत. एकच हाय."

मग त्यांनी समजावून सांगितले. बॅटरी बारा व्होल्टची, पण तिचा दाब गाडीच्या वेगाप्रमाणे कमीजास्त होतो. काट्यांनी खरे बोलावे म्हणून मागे काड्यापेटीएवढी एक पत्र्याची डबी असते. तिच्यातली पट्टी तापते, वीज तुटते. निवते, वीज जुळते. आणि सरासरीने दहा व्होल्टच काट्यांना मिळतात. पण पट्टी तापायला डबीतून वीज परत जायला वाट हवी. ती वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. मेकॅनिक मंडळी तिला 'अर्थ' म्हणतात. जुनी पाटी ॲल्युमिनियमची. डबी, काटे, दिवे सगळे तिला चिकटलेले, आणि गाडीचे अंग फायबरचे म्हणून पाटीपासून सांगाड्यापर्यंत मिस्त्रींनी एक काळी तार दिली होती. आता पाटी लाकडाची. लाकडातून वीज जात नाही. डबीला वाट नाही, म्हणून काट्यांना पुरे बारा व्होल्ट आणि वर एंजिन चालू असताना आणखी थोडे. काटे फुगवून सांगणारच! दिव्यांना तर परतीची वाटच नाही, म्हणून ते मुके.

"ते उरेल तार हाय ना, तेच अर्थ होती," मिस्त्री म्हणाले.

बापलेक फळीखाली शिरले. मुलाने वरून फळी उचलून धरली. मिस्त्रींनी डबीपासून एका काट्याला, त्यापासून दुसऱ्याला, अशी तांब्याच्या तारेची माळ ओवली आणि तिचे शेवटचे टोक त्या काळ्या तारेने सांगाड्याच्या बोल्टाला आवळले. हात थरथरत होता. पण मुलाने दुसऱ्या हाताने बापाचे मनगट धरले होते, त्यामुळे पाना निसटला नाही. किल्ली फिरली. फळीवरचे दिवे मंद पिवळे उजळले, पेट्रोलचा काटा पावाच्या अलीकडे थांबला आणि उष्णतेचा मधोमध.

संध्याकाळी दोघे पेट्रोल भरायला म्हणून निघाले ते राजराजेश्वराचे दर्शन घेऊनच परतले. नंतर रात्री कितीतरी वेळ मिस्त्री कागदाच्या चिठ्ठ्या करून एकेका तारेला बांधत होते. निळी दिव्यांची, हिरवी काट्यांची, काळी अर्थ. आम्ही म्हटले, "मिस्त्री, गाडी तर उद्या जाणार!"

"म्हणूनच त, भाऊ. घेनाऱ्याले तरास नको."

मुलगा दारात उभा होता. तो काही बोलला नाही.

सकाळी नागपूरचा फोन आला, तेव्हा त्याने तो सरळ बापाच्या हाती दिला. "बाबा, गाडी तुमची आहे. तुम्हीच बोला."

मिस्त्रींनी भावताव केला नाही. एवढेच विचारले, "साहेब, लाकडाच्या पाटीले अर्थ कुठून द्याची, हे तुमाले मालूम हाय का?"

पलीकडून काय उत्तर आले ते आम्हांला ऐकू आले नाही. मिस्त्रींनी फोन खाली ठेवला आणि म्हणाले, "नाही म्हंते."

सौदा अजून व्हायचा आहे. तूर्त 'उघडी'च्या नाकावर झेंडूची माळ आहे, आणि मुलाने सुट्टी चार दिवसांनी वाढवली आहे.