"फक्त पॅकिंग" करणारे कामगार कोणाच्या हिशेबात?



गेल्या महिन्यात मुलीकडे बंगळूरला चार दिवस जाणे झाले. मिरजेहून राणी चन्नम्मा गाडी आणि तिथून मेट्रोने बनशंकरी. बनशंकरी म्हटले की आपल्याकडे बदामीची शाकंभरी आठवते, कित्येक मराठी घरांची ती कुलदेवता. बंगळूरच्या या वस्तीचे नावही देवीच्या देवळावरूनच पडले आहे. राहुकाळात तिथे बायका लिंबाच्या सालीत दिवे लावतात. सौभाग्यवतीने देवळाबाहेर उदबत्तीचा पुडा घेतला. त्यावरचा चकचकीत कागद मी फाडत होतो, तेव्हा मुलीच्या शेजारचा फिटर म्हणाला, "काका, हा कागद आमच्या शेडमध्येच चढतो. बघायला येता?"

बघायला गेलो. चळवळीतल्या माणसाला शेड दिसली की राहवत नाही.

शेडमध्ये चौदा माणसे, त्यात अकरा बायका. पहिले यंत्र पुड्याला वेष्टन घालणारे. आपण शाळेच्या पुस्तकाला कव्हर घालताना टोके दुमडतो, अगदी तसे हे यंत्र पारदर्शक फिल्मची टोके दुमडते आणि गरम पट्ट्यांनी दाबून चिकटवते. सिगारेटच्या पाकिटावरचा कागदही असाच चढतो. दुसरे यंत्र आवळवेष्टनाचे. बारा पुडे सैल फिल्ममध्ये ठेवायचे, तापलेल्या तारेने फिल्म कापायची आणि पट्ट्यावरून गरम बोगद्यात सोडायचे. आत उष्णतेने फिल्म आकसते आणि गठ्ठा घट्ट होऊन बाहेर येतो. शेवटी खोक्याला प्लॅस्टिकची पट्टी आवळणारे यंत्र, ते आपल्या पार्सल ऑफिसातल्या मंडळींना पाठ आहे.

बिस्किटाचा पुडा आणि साबणाची वडी यांना वेगळे यंत्र लागते. त्यात रीळवरची फिल्म मालाभोवती नळीसारखी वळते, खाली लांब शिवण बसते आणि दोन गरम जबडे दोन्ही टोके चावून कापतात. दुधाची पिशवी भरणारे यंत्र उभे असते. फिल्मची नळी करणे, दूध भरणे, तोंड बंद करणे ही तिन्ही कामे ते एकाच जागी करते. आणि मोठ्या गोदामात फिरत्या चकतीवर लाकडी पॅलेट ठेवून सगळ्या खोक्यांना मिळून ताणलेली फिल्म गुंडाळतात. यंत्रे निरनिराळी असली तरी गुंडाळण्याचे काम यंत्राचे आणि यंत्राला भरवायचे काम माणसाचे, हे सगळीकडे सारखेच. वेग मात्र यंत्राचा.

मी यंत्राच्या विरोधात नाही. पूर्वी हेच काम बायका दिवसभर मांडी घालून, मान मोडून हाताने करीत. तो जमाना परत यावा असे कोणत्याही शहाण्या कामगाराला वाटणार नाही. पण तापलेल्या तारेजवळची जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवलेली मी पाहिली. का, तर जाळीने हात अडतो आणि गठ्ठे कमी निघतात. गठ्ठ्यावर मजुरी, म्हणून बाईसुद्धा जाळी लावा म्हणत नाही. तिच्या मनगटावर भाजल्याचे तीन जुने डाग होते. फिल्म अडकली तर यंत्र बंद न करताच बोटे आत जात होती.

धुराचेही तसेच. १९७३ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दुकानात मांसाची पाकिटे बांधणाऱ्या कामगारांचा दमा नोंदवला. पीव्हीसीची फिल्म गरम तारेने कापताना आणि किंमतीची चिठ्ठी तापवून चिकटवताना निघणाऱ्या धुरावर संशय होता. आता पुष्कळ ठिकाणी दुसरी फिल्म वापरतात. या शेडमध्ये कोणती आहे, हे तिथल्या एकाही बाईला ठाऊक नव्हते, आणि हवा जायला एकच खिडकी.

मुकादमाला मी विचारले, फॅक्टरी इन्स्पेक्टर कधी येतो? तो हसला आणि म्हणाला, "इथे प्रॉडक्शन नाही साहेब, फक्त पॅकिंग."

हे "फक्त" फार महागात पडते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या व्याख्येत वस्तू बनवणे, बदलणे, दुरुस्त करणे यांच्या बरोबरीने "पॅकिंग" हा शब्द स्पष्ट लिहिलेला होता. विजेवर काम आणि दहा कामगार असले की तो कारखाना. यंत्राच्या धोकादायक भागाला कुंपण घालणे मालकाचे कर्तव्य होते. चालत्या यंत्रामुळे इजा होण्याचा धोका असेल तिथे ते पुसायला वा जुळवायला बाईला लावायचे नाही, असेही कलम होते. त्याची अंमलबजावणी किती झाली हे आपण जाणतो, पण बोट ठेवायला कलम तरी होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहितेने घेतली. पॅकिंग हा शब्द तिथेही आहे. आकडा मात्र बदलला. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहाचे वीस झाले आणि विजेशिवाय वीसाचे चाळीस. मूळ कायद्याने ही चौदा माणसांची शेड कारखाना होती, आता नाही. दहा माणसांच्या आस्थापनेला मालकाची सर्वसाधारण कर्तव्ये लागू आहेत, असे सरकार पक्ष म्हणेल. ते खरेही आहे. पण कारखाना म्हणून असलेले बंधन वेगळे आणि सर्वसाधारण कर्तव्य वेगळे. शिवाय इन्स्पेक्टर आता "निरीक्षक तथा सुविधाकार" झाला आहे. सुविधा कोणाची, हे नावावरून कळत नाही.

वेष्टनाची यंत्रे लहान असतात, विजेच्या एका बोर्डावर चालतात. काम चौदा-पंधरा माणसांच्या शेडींत वाटून देणे मालकाला सहज जमते. म्हणून वीसाच्या आकड्याचा मार मला या धंद्यावर सर्वात जास्त दिसतो.

आपल्यातले काही म्हणतील, रेल्वे-पोस्टाचा यात काय संबंध? आपल्या पार्सल पोर्टरांची कहाणी आठवा. "ही तर फक्त उचल-ठेव" म्हणून वर्षानुवर्षे ठेकेदाराकडे ठेवलेल्या या माणसांच्या बाबतीत, काम कायम स्वरूपाचे असेल तर रेल्वेने त्यांना सामावून घ्यावे, असे आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिले. इथे "फक्त उचल-ठेव", तिथे "फक्त पॅकिंग".

आणि तो माल शेवटी आपल्याच हातात येतो. मार्च २०२२ च्या अखेरीस रेल्वे आणि पोस्ट यांची एकत्र पार्सल सेवा सुरत ते वाराणसी सुरू झाली. अशा कामात पॅलेट, फिल्म आणि पट्टीचे महत्त्व वाढणारच. माझ्या पाहण्यातल्या एका स्टेशनवर गोदामातून फिल्म गुंडाळलेले पॅलेट येते, पण फलाटावर फोर्कलिफ्ट नाही आणि गार्डाच्या डब्याशेजारच्या पार्सल खणात पॅलेट शिरत नाही. मग फिल्म चाकूने फाडून खोके एकेक करून पाठीवर. यंत्राचा फायदा गोदामाच्या दारातच संपला. पोस्टाचे जुने भाऊ मांजरपाटात शिवलेली, लाखेची मोहर लावलेली पार्सले सांगतात. ती निदान हाताने उचलायच्या बेताने बांधलेली असत.

पुढच्या शाखा सभेत मी ठराव मांडणार आहे. विजेवर वेष्टनाचे यंत्र चालते तिथे कारखान्यासाठी दहाचीच मर्यादा हवी. जाळी काढली की यंत्र आपोआप बंद पडेल अशी व्यवस्था सक्तीची हवी. आणि पॅकिंगचे काम गठ्ठ्यावर नव्हे, रोजावर हवे. शाखा सचिवांनी आपापल्या पार्सल ऑफिसात व सॉर्टिंगमध्ये ठेक्यावर बांधणी करणारे किती, बायका किती, यंत्रे कोणती आणि जाळी जागेवर आहे की भिंतीला, याची यादी सभेपूर्वी पाठवावी. बनशंकरीच्या त्या फिटरने शेडची यादी मला कन्नडमध्ये लिहून दिली आहे, ती मुलीकडून वाचून घेतली.