टीव्हीने सोडलेल्या लहरी आणि त्यांची किंमत

470 ते 862 मेगाहर्ट्झ हा यूएचएफ पट्टा जगाच्या मोठ्या भागात अनेक दशके टीव्ही प्रक्षेपणासाठी राखीव होता. गेल्या वीस वर्षांत त्याचा वरचा भाग तुकड्यातुकड्याने मोबाइल सेवांकडे आला. युरोपात आधी 790च्या वरचा आणि मग 694च्या वरचा भाग मोकळा झाला. अमेरिकेत आधी 698च्या वरचा, नंतर 614 मेगाहर्ट्झपर्यंतचा भाग निघाला. भारतात 703 ते 803 या टप्प्यात आज फाइव्ह-जी चालते आणि रेल्वेचे स्वतःचे जाळेही तिथेच उभे राहते आहे. लहरी तेवढ्याच आणि त्यांचे गुणधर्मही तेच. तरी प्रत्येक देशात हे हस्तांतर वेगळ्या जागी अडले, आणि भारतातील अडथळ्याचे कारण इतरांपेक्षा अगदी निराळे होते.

या पट्ट्याची ओढ का, याचे उत्तर सहसा अर्धवट दिले जाते. ‘कमी वारंवारतेच्या लहरी लांब जातात’ हे वाक्य विक्री विभागाच्या प्रत्येक सादरीकरणात असते. पण मोकळ्या हवेत 700 आणि 3500 मेगाहर्ट्झच्या लहरींची ऊर्जा सारखीच पसरते. फरक पडतो तो घेणाऱ्या अँटेनाने. एकाच जातीच्या अँटेनाचे प्रभावी क्षेत्र तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून 700ला ते 3500च्या पंचवीस पट भरते. म्हणजे 14 डेसिबलचा फरक केवळ तिथून येतो. खरा भौतिक लाभ त्याच्या पुढे आहे. लांब तरंग टेकडीच्या माथ्यावरून, इमारतीच्या कडेवरून जास्त वळतो आणि भिंतीत कमी मुरतो. हातातला फोन जेमतेम 200 मिलिवॉट बाहेर टाकतो, त्यामुळे सेलची कड बहुतेक वेळा अपलिंक ठरवते, आणि नेमके तिथेच हे चार-दोन डेसिबल उपयोगी पडतात.

मर्यादाही त्याच तरंगलांबीतून येतात. 700 मेगाहर्ट्झला अर्ध्या तरंगाची लांबी 21 सेंटीमीटरच्या पुढे जाते. फोनमध्ये अशा दोन चांगल्या अँटेना बसवतानाच दमछाक होते आणि टॉवरवर चौसष्ट घटकांचे पॅनेल लावणे व्यवहार्य ठरत नाही. त्यात एका कंपनीच्या वाट्याला येतात 10 मेगाहर्ट्झच्या जोड्या. 3300च्या पट्ट्यात मात्र शंभर मेगाहर्ट्झचा सलग तुकडा मिळतो. हा पट्टा व्याप्तीसाठी आहे, क्षमतेसाठी नाही. त्याची किंमत ठरवताना हा भेद विसरला की काय होते, ते पुढे येईलच.

लहरी मोकळ्या झाल्या त्या डिजिटल प्रक्षेपणामुळे. ॲनालॉग चित्राला एका कार्यक्रमासाठी सहा ते आठ मेगाहर्ट्झचा अख्खा चॅनेल लागे आणि शेजारच्या गावातला त्याच चॅनेलचा प्रक्षेपक त्यात मुंग्या आणी. म्हणून एक चॅनेल वापरला की आसपासच्या मोठ्या टापूत तो रिकामा ठेवावा लागे. डिजिटलमध्ये तेवढ्याच जागेत अनेक कार्यक्रम बसतात, हस्तक्षेप अधिक सोसला जातो आणि एकाच वारंवारतेवर अनेक प्रक्षेपक एकसुरात चालवता येतात. बर्लिनने 2003मध्ये ॲनालॉग बंद केले, अमेरिकेने 12 जून 2009 रोजी, जपानने भूकंपग्रस्त तीन प्रांत वगळून 24 जुलै 2011 रोजी, ब्रिटनने ऑक्टोबर 2012मध्ये. अमेरिकेने जुन्या टीव्हीसाठी लागणाऱ्या पेटीकरता प्रत्येक घराला चाळीस डॉलरची दोन कूपने दिली, तरीही ठरलेली तारीख चार महिने पुढे ढकलावी लागली. लिलाव मात्र त्याआधीच, 2008मध्ये, उरकला होता. त्यात सुमारे 19 अब्ज डॉलर जमा झाले.

याहून अवघड काम अमेरिकेने पुढच्या फेरीत केले, आणि त्याकडे नियोजकांनी बारकाईने पाहायला हवे. 2009नंतर उरलेली स्थानके डिजिटल होती, कायदेशीर परवान्यावर चालत होती आणि आपल्या जागेवर समाधानी होती. त्यांना हुसकावता येत नव्हते. म्हणून 2016मध्ये संघीय दळणवळण आयोगाने दुहेरी लिलाव लावला. एका बाजूने स्थानकांकडून लहरी विकत घ्यायच्या आणि दुसऱ्या बाजूने त्या मोबाइल कंपन्यांना विकायच्या. आराखडा आखणाऱ्या चमूचे नेतृत्व पॉल मिलग्रोम यांनी केले. 2020चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना रॉबर्ट विल्सन यांच्यासह मिळाले. खरेदीच्या बाजूला दर फेरीगणिक उतरत जाई. स्थानकाने ‘एवढ्याला परवडत नाही’ म्हटले की त्याला उरलेल्या चॅनेलांत जागा द्यायची. पण जागा आहे का, हे आधी तपासावे लागे. शेजारशेजारच्या स्थानकांना एकच चॅनेल देता येत नाही, आणि अशा हजारो बंधनांतून वाट काढायची. नकाशाला रंग देण्याचे जुने गणितच हे, फक्त देशाच्या आकाराचे. त्यासाठी खास संगणकीय पद्धती रचाव्या लागल्या.

आकडे बोलके आहेत. पहिल्या टप्प्यात 126 मेगाहर्ट्झ मोकळे करायचे तर स्थानकांची मागणी 86.4 अब्ज डॉलर होती. कंपन्यांची बोली 23 अब्जांवर थांबली. 114 मेगाहर्ट्झला 54.6 अब्ज मागितले गेले, 108ला 40.3 अब्ज. व्यवहार जुळला तो 84 मेगाहर्ट्झवर. स्थानकांना 10.05 अब्ज मिळाले आणि विक्रीतून 19.8 अब्ज आले. 108वरून 84वर येताना खर्च चौथाईवर आला, म्हणजे शेवटच्या चोवीस मेगाहर्ट्झसाठी तीस अब्ज डॉलर मागितले जात होते. पट्टा रिकामा करण्याचा खर्च सरळ रेषेत वाढत नाही, हे याहून स्पष्ट कुठे दिसत नाही.

लिलावानंतर 987 स्थानकांना चॅनेल बदलावा लागला. नवे प्रक्षेपक, नव्या अँटेना, आणि तीनशे मीटर उंचीच्या मनोऱ्यांवर चढून काम करणाऱ्या मोजक्या तुकड्या! काम दहा टप्प्यांत आणि 39 महिन्यांत बसवले होते. ते जुलै 2020मध्ये पुरे झाले. भरपाईची 1.75 अब्ज डॉलरची तरतूद अपुरी पडल्याने आणखी एक अब्ज घालावे लागले. टी-मोबाइलने या लिलावात सुमारे आठ अब्ज डॉलर गुंतवले होते. सगळीकडची कामे संपण्याची वाट न पाहता तिने जिथे पट्टा मोकळा झाला तिथे जाळे उभारले आणि डिसेंबर 2019मध्ये 600 मेगाहर्ट्झवर वीस कोटी लोकांपर्यंत पोचणारे फाइव्ह-जी सुरू केले. वेग फार नव्हता. व्याप्ती होती, आणि तिने बाजार फिरवला.

युरोपची अडचण शेजाराची होती. पहिल्या टप्प्यात 790 मेगाहर्ट्झला टीव्ही संपत होता आणि 791ला मोबाइल सुरू होत होता. मधे एकच मेगाहर्ट्झ. फोनचे अपलिंक नेहमीप्रमाणे खालच्या बाजूला ठेवले असते तर दिवाणखान्यातला फोन शेजारच्या टीव्हीच्या थेट कानाशी ओरडला असता. म्हणून 800च्या पट्ट्यात क्रम उलटवला: 791 ते 821 डाउनलिंक, 832 ते 862 अपलिंक. तरीही गच्चीवरचे टीव्ही ॲम्प्लिफायर अख्खा पट्टा गिळत असल्याने मोबाइलच्या जोरदार संकेताने गुदमरण्याची भीती उरली. ब्रिटनने फोर-जी परवानाधारकांच्या 18 कोटी पौंडांतून एक स्वतंत्र संस्था नेमली आणि घरोघरी फुकट फिल्टर वाटले. त्रास भाकितापेक्षा बराच कमी निघाला. जर्मनीने 2010च्या लिलावात वेगळी अट घातली: पाच हजारांहून कमी वस्तीची, जाळ्याबाहेर राहिलेली गावे आधी, शहरे शेवटी. हा पट्टा नेमका कशासाठी आहे, हे ओळखून घातलेली ही अट आहे.

आशिया-पॅसिफिक देशांनी एक सलग मांडणी स्वीकारली: 703 ते 748 अपलिंक, 758 ते 803 डाउनलिंक. पंचेचाळीस मेगाहर्ट्झच्या जोडीमध्ये फक्त दहा मेगाहर्ट्झची फट असल्याने एका डुप्लेक्सरने भागत नाही, फोनमध्ये एकमेकांवर चढलेले दोन घालावे लागतात. तेवढी किंमत मोजून मिळालेला फायदा मोठा होता, कारण एकच उपकरण अनेक देशांत चालू लागले. भारतानेही हीच मांडणी घेतली.

भारतात रिकामे करण्यासारखे फारसे काही नव्हते. खासगी कंपन्यांना जमिनीवरून टीव्ही प्रक्षेपणाची परवानगी कधीच मिळाली नाही. त्या उपग्रह आणि केबलच्या वाटेने आल्या. उरले ते एकटे दूरदर्शन. त्याचाही मोठा भार व्हीएचएफवर होता. 1972पासून मुंबई केंद्राचे आणि पुढे सिंहगडावरून पुण्याला मिळणारे चित्र व्हीएचएफवरचेच. यूएचएफमधील प्रक्षेपक प्रामुख्याने 590 मेगाहर्ट्झच्या खाली होते. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी 2014मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार 470 ते 590 या टप्प्यातही पंधरांपैकी किमान बारा चॅनेल देशात कुठेही मोकळे सापडत. इतर देशांनी ज्या स्थितीसाठी अब्जावधी मोजले, ती भारताला जवळपास आयती मिळाली होती.

तरी 700 मेगाहर्ट्झ सहा वर्षे पडून राहिला. ऑक्टोबर 2016च्या लिलावात देशभराच्या एका मेगाहर्ट्झची राखीव किंमत 11,485 कोटी रुपये होती. एकही बोली आली नाही. मार्च 2021मध्ये किंमत 6,568 कोटींवर आणली, पुन्हा शून्य. 2022मध्ये ती 3,927 कोटी झाली, तेव्हा रिलायन्स जिओने सर्व 22 सर्कलांत दहा-दहा मेगाहर्ट्झ घेतले, 39,270 कोटींना. बाकी कोणी हात लावला नाही. किंमत मूळच्या तिसऱ्या हिश्श्यावर आल्यावर एक गिऱ्हाईक मिळाले, याला लिलावाचे यश म्हणणे कठीण आहे. राखीव किंमत ठरवणाऱ्यांनी व्याप्तीच्या पट्ट्याला जणू क्षमतेच्या पट्ट्याचाही दर्जा दिला आणि दोन्हींचा मिळून भाव लावला. ऑस्ट्रेलियाने 2013मध्ये हीच चूक लहान प्रमाणात केली होती. 45 मेगाहर्ट्झच्या जोडीतले पंधरा विकलेच गेले नाहीत आणि ते खपायला 2017 उजाडले. तो अनुभव समोर असताना तो पुन्हा विकत घेण्याचे कारण नव्हते. न विकलेल्या लहरीतून तिजोरीत काही पडत नाही, आणि मेळघाटातल्या किंवा सह्याद्रीच्या घळीतल्या गावाला सिग्नलही मिळत नाही.

रेल्वेला 2021मध्ये याच पट्ट्यातले पाच मेगाहर्ट्झ गाड्यांच्या दळणवळणासाठी दिले गेले. बीएसएनएललाही या पट्ट्यात वाटा मिळाला. ॲनालॉग प्रक्षेपक दूरदर्शनने 31 मार्च 2022पर्यंत बंद केले. सामरिकदृष्ट्या महत्त्वाच्या जागांवरचे पन्नासेक तेवढे राहिले.

पट्टा कागदावर मोकळा असला तरी गल्लीत तो तसा नसतो, आणि हे जाळे सांभाळणाऱ्यांच्या रोजच्या कामाचे आहे. केबल टीव्हीची कोॲक्सियल वायर हाच सगळा पट्टा आतून वाहून नेते. सैल एफ-कनेक्टर, उघडा सोडलेला टॅप, उन्हाने तडकलेले आवरण यांतून संकेत बाहेर गळतो आणि 703 ते 748च्या अपलिंकमध्ये गोंगाट वाढवतो. अमेरिकेत 700च्या पट्ट्यावर ही तक्रार नोंदली गेली आहे. इमारतींवरून वायरींचे झोके सोडलेल्या भारतीय शहरांत ती नसेल असे मानण्यात अर्थ नाही. अपलिंकचा गोंगाट कारणाविना चढलेला दिसला की रेडिओ बदलण्याआधी दिशादर्शक अँटेना घेऊन गल्लीत एक फेरी मारावी. दुसरा शेजारी नाट्यगृहातला. परदेशातून स्वस्तात आलेले जुने बिनतारी माइक याच टप्प्यात चालतात. अमेरिकेने ते 12 जून 2010पासून या पट्ट्यात बंद केले. प्रेक्षागृहातले पाचशे फोन अपलिंकवर बोलू लागले की ऐन प्रवेशात माइक खरखरतो आणि दोष ध्वनिसंयोजकाच्या माथी येतो.

590च्या खालच्या टप्प्याचा निर्णय अजून व्हायचा आहे. आयआयटी मुंबईने पालघर जिल्ह्यातील गावांमध्ये टीव्हीच्या रिकाम्या यूएचएफ चॅनेलांवरून इंटरनेट पोचवून दाखवले. झाडी आणि चढउतारांच्या मुलखात, जिथे 5 गिगाहर्ट्झच्या दुव्याला समोरासमोर दृष्टिरेषा लागते, तिथे हा पट्टा कामाला येतो. दुसरीकडे प्रसारण खात्याला 526 ते 582च्या टप्प्यात थेट मोबाइलवर प्रसारण करायचे आहे आणि मोबाइल कंपन्यांचा त्याला विरोध आहे. त्याच्या वरचा 600चा पट्टा 2022च्या लिलावात ठेवला गेला, पण त्याला बोली आली नाही. तेव्हा या भागात त्यासाठीची उपकरणेच पुरेशी नव्हती.

600 मेगाहर्ट्झ पुन्हा लिलावात येईल तेव्हा दूरसंचार नियामकापुढे हरकती-सूचनांची मुदत नेहमीप्रमाणे थोडी असेल. जाळ्यांचे नियोजक, प्रसारण अभियंते आणि केबलचालक यांनी आपापली मोजमापे आतापासून जमवावीत: अपलिंकचा गोंगाट, डोंगराळ भागातली खरी व्याप्ती, केबलची गळती. राखीव किंमत उतरवून त्या बदल्यात जाळ्याबाहेरची गावे आधी जोडण्याची जर्मनीसारखी अट घाला, ही मागणी त्या मोजमापांच्या आधारे लेखी नोंदवावी.