फिल्म कुठे उभे राहून पाहायची?



मागच्या महिन्यात आम्ही दारव्ह्याला खालांच्या तब्येतीची विचारपूस करायला गेलो, तर घरात वाद पेटलेला. रिपोर्टात लिहिले होते, खडा डाव्या मूत्रपिंडात. दुखतही डावीकडेच होते. पण सीटी स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, की पांढरा ठिपका दिसे उजव्या हाताला! "फिल्म बदलली वाटतं, दुसरी काढू," खालूजान म्हणाले. म्हणजे पुन्हा खर्च आणि पुन्हा क्ष-किरण.

एमबीबीएस शिकणाऱ्या नातीने त्यांना थांबवले. "नानाजान, पेशंट उताणा झोपलाय आणि आपण त्याच्या पायाशी उभे आहोत, असं समजून ही फिल्म पाहायची. मग त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते." खालूजानांना पटेना. तेव्हा तिने मोबाईलचा कॅमेरा रिकाम्या तख्तावर धरला. पडद्यावर तख्तावरच एक उताणा देह दिसू लागला. खालूजान मोबाईल घेऊन स्वतः पायाशी जाऊन उभे राहिले आणि हसले. वाद मिटला.

खऱ्या जागेवर आभासी वस्तू दाखवणाऱ्या या तंत्राला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने डोळ्यांवर चढवायच्या होलोलेन्स यंत्रातून शरीररचना शिकवली. २०२०च्या टाळेबंदीत तिथले विद्यार्थी घरी बसून ती शिकले. साधे नमुने मात्र मोबाईलवरही दिसतात.

याची गरज का? १९७१ साली हौन्सफिल्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन झाले. तेव्हापासून डॉक्टरांपुढे शरीराचे काप येतात आणि अख्खा अवयव मनात जुळवावा लागतो. घरी करून पाहा. बटाट्यात एक लवंग पूर्ण खुपसा आणि चकत्या करा. लवंग आडवी कापली गेली तर ठिपका दिसेल, उभी कापली गेली तर रेघ. लवंग तीच, काप वेगळा! शिकाऊ डॉक्टर नेमका इथेच अडखळतो. सगळे काप रचून संगणकाने केलेली आकृती चहूबाजूंनी फिरून पाहिली, की ठिपका आणि रेघ एकच हे त्याला उमगते.

एक सावधगिरी हवी. आकृती कापांवरूनच बनते. दोन कापांमध्ये जे निसटले, ते तिच्यातही नसते. म्हणून निदान मूळ काप पाहूनच होते, आणि ते काम डॉक्टरांचे.

यवतमाळला १९८९पासून श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्या मुली-मुलांना तिथवर पोहोचायचे असेल, तर बटाट्याची चकती आणि हातातला मोबाईल ही सुरुवात वाईट नाही.

आणि घरच्यांनी एवढे करावे: जुन्या फिल्म जपून ठेवाव्यात, नागपूरला दाखवायला जाताना सोबत न्याव्यात. शंका आली तर दुसरी फिल्म काढण्याआधी डॉक्टरांना विचारावे, "ही कुठून पाहायची?" विचारण्यात लाज कसली?