वाड्यावरचा पाटील आणि दिगू टिपणीस

गांधीबागेतल्या चहाच्या टपरीवर असो वा आमच्या एम.ए.च्या वर्गात, निळू फुले हे नाव निघाले की कुणीतरी आवाज घोगरा करून नक्कल करतोच. २००९ साली गेलेल्या या नटाची ओळख वाड्यावर बोलावणारा पाटील एवढीच उरावी, यात आम्हा मराठीच्या प्राध्यापकांचाही दोष आहे. आपण तेंडुलकरांची संहिता शिकवतो; ती ज्याने उभी केली तो नट तळटीपेतही येत नाही.

'कथा अकलेच्या कांद्याची'सारख्या लोकनाट्यातून आलेले निळूभाऊ १९७२ मध्ये सखाराम बाइंडर झाले, 'सामना'त (१९७५) हिंदुराव धोंडे पाटील आणि 'सिंहासन'मध्ये (१९७९) पत्रकार दिगू टिपणीस. तिन्हींमागे लेखणी तेंडुलकरांची. दिगूचे मूळ अर्थातच अरुण साधूंच्या कादंबऱ्यांत. हिंदुराव सत्ता भोगतो. दिगूच्या वाट्याला मात्र बव्हंशी ऐकणेच आहे, आणि ऐकता ऐकता माणूस आतून कसा विटत जातो, हे निळूभाऊ जवळजवळ काहीही न करता दाखवतात. 'खलनायक' या शिक्क्यात हे कुठे बसते? 'चरित्र अभिनेता' हा शब्दही तसा गुळगुळीतच.

पुढच्या सत्रात 'सखाराम बाइंडर' शिकवण्याआधी वर्गाला 'सिंहासन' दाखवावा, असे आम्ही ठरवले आहे.